हॅलो सोडून सगळं

...नाय, तुमीच सांगा, फोन हॅलो म्हणायला नसतो तर कशाला असतो? पोटची पोरगी मला म्हणते, "बाबा, हॅलो सोडून सगळं चालतंय!" सरका हो जरा आत... मावशी, ती पाटी मांडीवर घ्या. अजून चार शिटा यायच्यात, तवर ऐका. मी रोहिदास, बावीस वर्षं ह्याच कशेळे स्टँडवर जीप हाकतोय, आणि हिचा एकेक नट मला ठाव हाय. चढाला बंद पडली? बॉनेट उघडायचं, फुंकर मारायची, तार बांधायची, चालू! माझी गाडी, माझं बॉनेट. आणि हा फोन? खिसा माझा, घाम माझा... आणि बॉनेट वेल्डिंग मारून बंद! बॉनेट उघडत नाय, आणि म्हणं फोन तुमचा!

तुमाला सांगतो, फोन धडधाकट होता. काच शाबूत, बॅटरी दिवसभर. आणि एक दिवस कंपनी कळवते, तुमच्या ह्या फोनला आता आमच्याकडनं नवं काय मिळणार नाय. झालं! एकेक अ‍ॅप रुसून बसायला लागलं. कर्जतला दुकानात गेलो, तर त्या माणसानं फोन हातात पण घेतला नाय. लांबनंच, नाकातनं, "काकाऽ, हा गेला. नवा घ्या." अरं गेला म्हंजे? तुझ्यासमोर वाजतोय की! मंग तेराव्याला येतोस का, ते पण सांग!

घरी आलो तर आमची तेजश्री, कर्जतला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, म्हणते, "बाबा, फेकायचा नाय. मी ह्याच्यावर लिनक्स घालते." मला वाटलं कव्हर असंल. म्हणलं, घाल, निळ्या रंगाचं बघ. तर म्हणते, "कव्हर नाय हो! फोन चालवणारा प्रोग्रॅम. पण सगळा उघडा. कुणी पण आत बघा, कुणी पण दुरुस्त करा." आता उघडं बॉनेट म्हणलं की मी आडवा कशाला जातोय?

आठ दिवस! पडवीत बसली वायर लावून, आणि फोनच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावतायत... मागं कुत्रं लागलेल्या कोंबड्यांसारखी. दोन दिवस तर फोन मेलाच. हिनं हात टेकले नाय. कॉम्प्युटरवर कुणाकुणाला विचारत होती. एक जर्मनीचा, एक केरळचा, एक बाई कुठली ती मला सांगता पण येत नाय, आणि सगळे आमच्याच मॉडेलसाठी रविवारचे खपतायत! म्हणलं, "ह्यांना पगार कोण देतं गं?"

"कोण नाय."

"मंग करतात कशाला?"

"फोन चांगला हाय, फेकायला लागू नये म्हणून."

अंगावर काटा आला हो माझ्या! इथं माझ्या जीपला धक्का मारा म्हणलं तर दोन माणसं खाली उतरत नाय, आणि तो कोण कुठला परदेशातला बाबा माझ्या फोनला धक्का मारतोय! मला त्या माणसाला एकदा चहा पाजायचाय. खरंच.

नवव्या दिवशी फोन चालू. पडदा झकास, घंटी खणखणीत, टॉर्च, इंटरनेट... मी ताठ मानेनं मेव्हण्याला फोन लावला. "हॅलो!" तिकडं सामसूम. "हॅलोऽऽ!" सामसूम. आमची सुनिता चुलीपुढनं बोलते कशी, "मी वीस वर्षं ह्यांच्याशी बोलते, ह्यांना ऐकू जात नाय. ह्यांच्यात पण लिनक्स घातलंय का गं?"

तेजश्री म्हणते, "बाबा, आतल्या प्रत्येक भागाला चालवायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॉलचा आवाज, कॅमेरा, ह्यांचे ड्रायव्हर कंपनीनं कुणाला दाखवलेच नायत. अंदाजानं लिहावे लागतात." म्हंजे बघा! एवढ्या लोकांनी इंजान उघडलं, तर आत अजून एक डबी, तिला पण वेल्डिंग! बॉनेट उघडत नाय, आणि म्हणं फोन तुमचा!

आणि हितं मला घाम फुटला. का? तर वरच्या वाडीतला शुक्रा. त्याची बायको ठमी, तिचे दिवस भरत आलेले. आणि आमची रीत तुमाला ठावच हाय... एक मिसकॉल म्हंजे सकाळी एक शीट. दोन म्हंजे करवंदाच्या पाट्या हायत, जीपचा टप रिकामा ठेव. आणि तीन म्हंजे हातातलं टाक आणि ये. म्हणलं, "तेजू, ठमीसाठी फोन आला आणि मला ऐकूच आलं नाय तर?"

पोरगी हसायलाच लागली. "बाबा, वाडीत रेंज फक्त वरच्या कातळावर. तिथनं घंटी येते, आवाज कधी आलाय? बारा वर्षांत तुमी शुक्राकाकाशी फोनवर एक तरी शब्द बोललाय?"

...नाय की हो! एक पण नाय!

ती म्हणली, "घंटी तेवढी चुकता कामा नये." आणि तिनं आत काय लिहिलं देव जाणे, फोन झोपायचा बंद केला, आणि शुक्राचे तीन मिसकॉल आले की फोनातनं जीपच्या हॉर्नचा आवाज येईल असं करून ठेवलं. सोताच्या हातानं! कंपनीला विचारून नाय!

आता आमचा पोपट, पुढचा नंबर त्याचा, तो बघा पान खातोय. त्यानं नवा घेतला, तीन कॅमेऱ्यांचा. रोज मला, "काय रोहिदास, तुझा मुका कसा हाय?" बरं. दोन महिन्यांमागं, एका मंगळवारी दुपारी स्टँडवर आमी दोघं. शुक्रानं आधी पोपटाला तीन मिसकॉल दिले, त्याची जीप मोठी म्हणून. पोपटाचा फोन हुशार ना! लागोपाठ कुणीतरी वाजवून कापतोय, म्हंजे फसवणारा असणार, असं त्यानं सोताच ठरवलं आणि गप केला. पोपटाला विचारलं पण नाय! मंग शुक्रानं मला दिले. एक... दोन... तीन... आणि माझ्या खिशात हॉर्न! अख्खा स्टँड बाजूला झाला!

शिटा उतरवल्या, वर गेलो, ठमीला घेतलं. एका खड्ड्याला तिनं माझा खांदा असा धरला की वळ आठ दिवस गेला नाय. दवाखान्यात पोचलो आणि अर्ध्या तासात पोरगी! डॉक्टरीणबाई म्हणल्या, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. मी बाहेर येऊन त्या मुक्या फोनला हात जोडले. तेजूला मिठी मारायची होती, पण ती कॉलेजात.

शुक्रा बाहेर आला, डोळ्यांत पाणी, म्हणतो, "रोहिदासदादा, पयला फोटू तुझ्याच फोनात काढ." काढला की! दाबलं... काळं. परत दाबलं... काळं! शेवटी पोपट मागनं दवाखान्यात तीन कॅमेरे घेऊन आला आणि फोटो काढून मिरवला.

तेजूला विचारलं, "कधी व्हायचं गं?" म्हणते, "जर्मनीचा तो आवाजावर काम करतोय बाबा. वर्ष जाईल, दोन जातील." म्हणलं, जाऊ दे, धीर हाय मला. फक्त शुक्राची पोरगी कालपासनं हुंकार द्यायला लागलीय, तवा आता शर्यत लागलीय... पयलं हॅलो कोण म्हणतंय, ती का माझा फोन? आणि खरं सांगू? मी पोरीवर डाव लावलाय.