काकूंच्या जास्वंदीची फांदी

हसू नका, पण त्या दिवशी मला खरंच घाम फुटला होता. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आमच्या बागेत कॉलनीवाले दर रविवारी मिळून साफसफाई करतात. माझा पहिलाच रविवार. वाफ्यात एक वाळकी काडी दिसली, मी उपटली. पण स्वच्छतेत पहिल्या नंबरच्या इंदूरमध्ये सुका-ओला कचरा चुकीच्या डब्यात टाकायची हिंमत कोणात आहे? म्हणून ग्रुपमधल्या म्हाताऱ्या काकांना विचारलं, "काका, ही सूख्यात टाकू की गील्यात?"

काकांनी ती हातात घेतली. शेजारच्या ताई कुजबुजल्या, "अगं, काकूंच्या जास्वंदीची फांदी ती! काकू गेल्यावर काकांनी लावली. रोज पाणी घालतात."

"सॉरी काका! परत लावते!"

काकांनी फांदी चष्म्याजवळ नेऊन फिरवली. "थांब बेटा. मीच उलटी लावली होती. शेंडा मातीत!"

नशीब, काकूंचं मूळ झाड काकांच्या घरी होतं. पुढच्या रविवारी त्यांनी नवी फांदी आणून माझ्याच हातात दिली. "ले, तू लाव. तू विचारतेस."

"काका, मी उपटल्यावर विचारलं होतं."

"फिर भी विचारलंस ना. मी चाळीस वर्षांत तुझ्या काकूला एकदाही नाही विचारलं, झाड कसं लावतात."