अकरा ओहम

नाही नाही, त्या स्टुलावर नको, ते राहू दे तसंच — हा बाक ओढा आणि बसा. आणि हीटरकडे असं चोरट्या नजरेनं बघू नका हो, तो काही तुमचं नाव सांगणार नाही. काय म्हणालात, कोणी उघडलाच नाही? कध्धीच नाही? बरं. म्हणजे या स्क्रूंची डोकी आपोआपच झिजली म्हणायची! अहो, दुकान बाबांचं, तीस वर्षं मी याच टेबलाशी बसतेय — थापा मारणारं गिऱ्हाईक मला झाकण काढायच्या आधी कळतं. तुमचे तर कानसुद्धा लाल झालेत.

असू दे. पाय मागे घ्या, चालू करते. हा मीटर नुसता चिमट्यासारखा वायरीला लावायचा, किती करंट जातोय ते दाखवतो — वाचा. साडेपाच अँपिअर. आणि सॉकेटला व्होल्टेज? दोनशे तीस. आता व्होल्टेजला करंटनं भागा. भागा ना! बाळाच्या खोलीसाठी हीटर हवा म्हणता, बाप झालात आणि भागाकार येत नाही? मोबाइल ठेवा खिशात, तोंडी करायचं. बेचाळीस — हां, जवळजवळ. बेचाळीस ओहम, म्हणजे ही तार करंटला किती अडवते ते. आणि भागायच्या ऐवजी गुणलंत की किती वॅट खातो ते कळतं — बाराशे पासष्ट. आता मागची पट्टी वाचा बरं. किती लिहिलंय? हजार. हजार वॅटच्या हीटरची तार त्रेपन्न ओहमची असते, तुमची बेचाळीसची. मधले अकरा ओहम कुठं गेले? बाळानं खाल्ले?

मी सांगते कुठं गेले. कॉइल तुटली, कोणीतरी जळकं टोक कापलं, उरलेली दोन टोकं एकमेकांत वळवली, झाली दुरुस्ती. पुन्हा तुटली, पुन्हा कापली. तार आखूड झाली की अडवणारं कमी, करंट जास्त — म्हणून तर तुमच्या घरी सगळे खूश, वा, आधीपेक्षा काय मस्त तापतो! आणि मग एक दिवस प्लग हाताला चटका द्यायला लागला, हो ना? ही वायर बघा, कशी तपकिरी पडलीय. पाळण्यापासून किती लांब ठेवता? — एवढाच? हे बघा, आता मी हसत नाहीये. नवी कॉइल आणि नवी वायर पडल्याशिवाय हा त्या खोलीत लागणार नाही. बायकोलाही तसं सांगा.

तीन जोड आहेत. आणि तिन्हींचे वेढे उलटे. तुम्ही आम्ही तार वळवू ती अशी, उजवीकडे — हे डावखुऱ्या माणसाचं काम. शेवटी दोन वेढे जास्तीचे, उगाच. पुलापलीकडे राहता ना तुम्ही? वाटलंच. तिकडेच कुठंतरी बसतो हे जोड घालणारा — माझा धाकटा भाऊ तो. ओळखणार नाही तर काय, त्याला तार धरायला मीच शिकवलं, डाव्या हातानं करतो म्हणून बाबा ओरडायचे तेव्हा मीच मध्ये पडायचे. सहा वर्षं झाली, त्या स्टुलावर बसत नाही. का म्हणजे — ह्याच्यावरूनच! तो कापून जोडायचा, मी म्हणायचे नवीन घाल. आणि एकदा भर दुकानात, चार गिऱ्हाइकं उभी असताना, मी पाटी घेतली, हाच भागाकार मांडला, हाच गुणाकार, आणि विचारलं त्याला, एवढं तरी कळतं का तुला? सगळे हसले. त्यानं पक्कड खाली ठेवली आणि गेला. गणित बरोबर होतं हो माझं. अजूनही बरोबरच आहे. पण असं विचारतात का कोणाला — आणि हे तुम्हाला कशाला सांगतेय मी!

पहिला जोड बघा किती घट्ट, आणि हा तिसरा सैल. बोटं दुखतात का त्याची? चष्मा लागला असेल. पुन्हा त्याच्याकडेच न्यायचा होता की, इतक्या लांब माझ्याकडे कशाला —

काय? पुन्हा सांगा. नेला होता? आणि तो म्हणाला — हळू, एकेक शब्द सांगा — "यात आता माझं काम नाही, ताईकडे न्या, ती मोजून घालते"? ताई म्हणाला? आणि उघडला होता हे मला सांगू नका, तेही त्यानंच बजावलं! गाढव. माझ्या हातात तार दिल्यावर मला कळणार नाही होय?

काही नाही झालं मला, सोल्डरिंगचा धूर जातो डोळ्यांत. — बंद आहे ते मलाही दिसतंय, तुम्ही नका दाखवू.

उठा आता, संध्याकाळी या, त्रेपन्न ओहम मोजून घ्या आणि न्या. आणि जाताना या कागदावर पत्ता लिहून ठेवा. — तुमचा नाही हो! तुमचा घेऊन मी काय करू? त्याचा.