खडूची फुली

(कॉलेजच्या सुट्टीत मुलांनी गावातल्या मावशींसाठी बांधायला घेतलेलं घर. भिंती उभ्या, छप्पर बाकी. बाहेर मुलं सामान आवरतायत.)

विद्यार्थिनी : नाही काका, खरं सांगा. भिंतीवर ही खडूची फुली तुम्हीच मारलीत ना?

गवंडी : मारली. तू बॅग भर. चारला बस आहे तुमची.

विद्यार्थिनी : सर म्हणाले, मापाची खूण असेल. पण फुली फक्त आम्ही बांधलेल्या भिंतीवर आहे. तुमच्या तिन्ही कोऱ्या.

गवंडी : डोकं चालतं तुझं.

विद्यार्थिनी : काका.

गवंडी : बरं, हा ओळंबा घे. वरून सोड. दोरी कुठे नि भिंत कुठे, तूच बघ.

विद्यार्थिनी : दोन बोटं बाहेर.

गवंडी : खाली तीन. हिच्यावर छपराचं ओझं आलं की पोटातून फुगणार. म्हणून तुम्ही गेलात की पाडायची, नव्याने उचलायची. माझं नि मावशींचं ठरलंय तसं.

विद्यार्थिनी : मावशी, काल तुम्ही इथेच आमच्याबरोबर फोटोला उभ्या राहिलात.

मावशी : राहिले. हसलेसुद्धा. वीस दिवस उन्हात राबलात, पाया खणलात, हाताला फोड आणलेत. तोंडावर कसं म्हणू, तुमची भिंत नको म्हणून?

विद्यार्थिनी : आणि गेल्या सुट्टीतलं, शाळेमागचं घर?

गवंडी : त्याच्या दोन पाडल्या. आता चांगलं उभं आहे. माणसं राहतायत.

विद्यार्थिनी : वर्षभर सांगत फिरले मी, घर बांधलं म्हणून. नवीन मुलं गोळा करायला भाषण ठोकलं. तुम्हाला एका शब्दानं बोलावंसं वाटलं नाही?

गवंडी : बोललो असतो तर पुन्हा आला असता? तुम्ही येता म्हणून संस्था सिमेंट पाठवते. तुम्ही नाही, तर सिमेंट नाही.

मावशी : मला घाई आहे गं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. पत्र्याच्या खोलीत दिवसभर भाजून निघतात. भिंत कुणी का बांधेना, पण हे जास्तीचे दिवस जातात ते टोचतात.

विद्यार्थिनी : किती दिवस?

गवंडी : मी एकटा, तर आठ. जोडीला कुणी असेल तर पाच.

विद्यार्थिनी : मी थांबते.

गवंडी : आणि कॉलेज?

विद्यार्थिनी : सोमवारी सुरू होतंय. पहिला आठवडा बुडेल. बाबा चिडतील, चिडू देत.

गवंडी : रागाच्या भरात थांबू नकोस. थापी हातात देणार नाही मी, आधीच सांगतो.

विद्यार्थिनी : नका देऊ. माल कालवीन. भिंत पाडायला तरी घ्याल?

गवंडी : पाडायलाही हात लागतो. वरून एकेक वीट सुटी करायची, फुटता कामा नये. घाई केलीस तर घरी पाठवीन.

मावशी : बस लागली बघ. हाका मारतायत तुला. अजून विचार कर.

विद्यार्थिनी : केला. त्यांना सांगून येते. भिंतीचंही सांगते.

गवंडी : ते कशाला? बिचारी खुशीत आहेत.

विद्यार्थिनी : मीही होते, काका.

मावशी : जाऊ दे तिला. आणि हे बघ, येताना नळावरून पाणी घेऊन ये. दोन्ही बादल्या रिकाम्या आहेत.