उतरलं की हिवरखेड

अकोल्याच्या गॅस पंपावर खुशालरावांच्या ऑटोपुढं एक लांबलचक जुनी गाडी लागली होती. गॅस भरताना सगळ्यांनी उतरायचं, म्हणून गाडीवाला म्हाताऱ्या आईला हाताला धरून उतरवत होता.

"येवढी मोठी गाडी अन् गॅसवर, भाऊ?" खुशालरावांनी विचारलं.

"मोठी हाय म्हणून मायले मागं झोपता येते. रोज अमरावतीले जा-ये. पेट्रोल कसं पुरन?"

"मायले रोज काहून नेता?"

"घरी कोनी नाही. एकली सोडली का निघून जाते. मी हापिसात, माय गाडीत. गाडीत बसली का गावाले चाललो समजते, उतरत नाही. घंट्या-घंट्याले पाहून येतो."

"आलं का हिवरखेड?" म्हातारीनं विचारलं.

"नाही माय. गॅस भरून राहिलो."

"कालबी हेच म्हने."

"जीवनभाऊ, डिकी उघडा!" पंपावरच्या माणसानं हाक मारली. गाडीवाला मागं गेला. म्हातारीनं खुशालरावांची बाही धरली.

"भाऊ, हा डायवर चांगला हाय. जेवू घालते, पानी पाजते. पन गावाले काही नेत नाही."

"मंग काय करू, माय?"

"माह्या जीवनले फोन लावा. म्हना, मायले घ्याले ये."