निल्याच्या दारातला कंदील

हसू नका रे, पण ऐका. मी आणि माझा चुलतभाऊ निल्या, आमी माइनक्राफ्टमध्ये ठोकळे रचून सिद्धगडाखालचं आपलं गाव बांधलेलं, अगदी घरनघर. तेव्हा त्या गेममध्ये असला कंदील नव्हता, आमी दारात मशाली लावायचो. कंदील नंतरच्या अपडेटला आला, निल्या वारल्यावर. आमचं गाव माझ्या जुन्या फोनात होतं आणि तो फोन निल्या गेला तेव्हापासून बंद.

काल शहापुरातनं फोन दुरुस्त करून आणला, गेम अपडेट केला, गाव उघडलं. निल्याच्या दारात कंदील पेटलेला.

मी तसाच काकीकडं, निल्याच्या आईकडं गेलो. तिनं स्क्रीन बघितली नि शांतपणे म्हणाली, "त्याच्या फोटोपुढं रोज सांजेला लावते, तोच की हा. परवापासून शोधतेय मी. त्यानं नेला होय."