धाकट्यासाठी सीट

काकू : कव्हर का काढलंत रेसच्या गाडीवरचं?

कोच : धूळ बसली होती.

काकू : धूळ कव्हरावर बसते, म्हणून तर कव्हर असतं. तुम्ही गाडी पुसलीत. चाकं चढवलीत. पुढचा पंखसुद्धा नवा लावलाय. मला काय कुकुल्या बाळागत समजता?

कोच : डॉक्टर येतायत आज.

काकू : माहितीये. येऊ देत, बसू देत, चहा देऊ. दातांच्या डॉक्टरांना चहा प्यायला गाडीची चाकं कशाला लागतात?

कोच : अगं, फोनवर विषय त्यांनी काढला. मी नाही काढला.

काकू : आणि तुम्ही काय म्हणालात?

कोच : या म्हणालो.

काकू : या! जसं काही जेवायलाच बोलावलंत. अहो, त्यांचा मोठा मुलगा आपल्या गाडीत गेला. वर्षसुद्धा उलटलं नाही. आणि आता त्याच माणसाच्या धाकट्याला तुम्ही आपल्या टीममध्ये घेणार?

कोच : घेणार असं म्हटलेलं नाही. ऐकून घेऊ म्हटलंय.

काकू : ऐकून घ्यायला नवा पंख लागत नाही.

कोच : उद्या आयोजकांना कळवायचंय. या सीझनला एक तरी ड्रायव्हर दाखवला नाही तर आपली जागा दुसऱ्या टीमला जाणार. गेली की गेली. मग ही शेड, ट्रक, दोन गाड्या, सगळं भंगार.

काकू : होऊ दे भंगार.

कोच : तू सहज म्हणतेस.

काकू : सहज? पत्र्याच्या खोपटात पहिली गाडी बांधली तेव्हा खालून पाना कोण धरून बसलं होतं? ती गाडी तरी कसली, कुणीतरी ठोकून टाकून दिलेली. तुम्ही मोठ्या टीममधली मेकॅनिकची नोकरी सोडून मोकळे झालात. मी शाळेत पोरांना कवायत शिकवत राहिले, म्हणून दोन वेळचं पोटात जात होतं. ट्रकला ड्रायव्हर टिकेना, तर मी ट्रक शिकले. लोक वळून वळून बघायचे. आणि मी सहज म्हणते!

कोच : बरं, चुकलं.

काकू : बेकरीवाल्याची पोरगी आठवते? आपली पहिली जिंकलेली रेस. धो धो पाऊस, सगळे भिंगरीसारखे फिरत होते आणि ती एकटी रुळावरून चालल्यासारखी सरळ. तुम्ही रडला होतात.

कोच : पाऊस होता म्हणतेस ना. पावसाचं पाणी असेल.

काकू : छत्री मी धरली होती तुमच्या डोक्यावर. आपल्याकडून एकच पोरगा अगदी वरपर्यंत गेला. टीव्हीवर दिसतो, आपल्याला ओळख दाखवतो, चांगलंच आहे. पण मला त्याचं एवढं कौतुक नव्हतं कधी. पंधरा-सोळाची पोरं यायची, कार्टिंगच्या चिमुकल्या गाड्यांमधून उठून, ओठावर मिसरूडही नाही. दोन वर्षं आपल्या छोट्या गाडीत शिकायची. मग कुणी वर जायचं, कुणी घरी जाऊन कॉलेजला लागायचं. पण जाताना धडधाकट जायची. मला तेवढंच पुरायचं.

कोच : हं.

काकू : बोका तसा गेला नाही.

कोच : त्याला बोका नको म्हणूस आज. डॉक्टरांसमोर.

काकू : का? कुठेही अंग टाकून झोपायचा. टायरच्या ढिगावर झोपायचा. बोका नाही तर काय म्हणू? घरीसुद्धा तेच म्हणायला लागले होते त्याला.

कोच : त्याच्यानंतर कोण आलं सांग आपल्याकडे? एक फोन नाही. दुसऱ्या गाडीतल्या पोराचे वडील सांत्वनाला आले, इथे खुर्चीवर बसून डोळे पुसले आणि आठवड्याभरात पोराला शेजारच्या टीममध्ये नेऊन बसवलं.

काकू : मी असते तरी तेच केलं असतं.

कोच : मिस्त्रीपण सोडून गेला.

काकू : मिस्त्रीला घरी तीन तोंडं आहेत. जाताना सगळे पाने पुसून जागेवर लावून गेला. एक शब्द बोलला नाही, त्याच्याच्यानं बोलवलं नसेल. डॉक्टरांची गाडी आली वाटतं. थोबाड पुसा, ग्रीस लागलंय.

डॉक्टर : येऊ का? दार उघडंच होतं.

काकू : या, या. एकटेच? दोघं येणार म्हणत होते हे.

डॉक्टर : ती बाहेर गाडीत बसलीय. राग नाही हं वहिनी, तुमच्यावर तर मुळीच नाही. तिला पेट्रोलचा वास सहन होत नाही आता. इथे तर…

काकू : इथे भिंतींनाही तोच वास. मी चहा बाहेर नेऊन देते त्यांना.

डॉक्टर : नका नेऊ. ती काच खाली करणार नाही.

कोच : बसा, डॉक्टर.

डॉक्टर : उभाच बरा आहे. मी सरळ मुद्द्यावर येतो, कारण आडून आडून बोलायला गेलो तर मला बोलताच येणार नाही. दिवसभर लोकांना आ करा, आ करा सांगतो, आणि स्वतःचं तोंड उघडायची वेळ आली की दातखीळ बसते. तर, धाकटा सोळाचा झाला. त्याला रेसिंगमध्येच यायचंय. तो तुमच्याकडे यावा अशी आमची विनंती आहे.

काकू : आमची म्हणजे? त्याच्या आईचीसुद्धा?

डॉक्टर : ती आलीय ना. बाहेर का होईना.

काकू : तुम्ही त्याला नाही का म्हणत नाही? बाप आहात. पाय बांधून घरात बसवा.

डॉक्टर : बसवला होता. कार्टिंग बंद केलं, तर त्याने जेवण बंद केलं. मग म्हटलं जेव बाबा. तर सायकल काढली. आमच्या घरापाशी मोठा उतार आहे, त्यावरून ब्रेक न दाबता यायचा. एकदा हात मोडला. प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी पुन्हा त्याच उतारावर. मी खाली उभा होतो, वहिनी. हात पसरून उभा होतो रस्त्यात, वेड्यासारखा. तो माझ्या बाजूने निघून गेला. चेहरा अगदी शांत होता त्याचा. घरात तसा चेहरा मी महिनोन्महिने पाहिला नव्हता.

काकू : अरे देवा.

डॉक्टर : त्या दिवशी मी हो म्हटलं असं नाही. मी नाही म्हणायचं थांबलो. निदान हेल्मेट तरी असेल, पट्टे तरी असतील.

कोच : बोलतो का घरात?

डॉक्टर : मीठ दे, दार लाव, एवढंच. मोठ्याच्या खोलीत झोपतो. आणि उंची वाढलीय त्याची अचानक. मोठ्याचे कपडे तंतोतंत येतात आता. म्हणून मी म्हटलं, तुमच्याकडे मोठ्याच्या अंगाच्या मापाने फोम ओतून केलेली सीट असेल ना, तीच चालेल त्याला. नवीन करायला नको.

काकू : डॉक्टर, असं बोलू नका हो.

डॉक्टर : माफ करा. मला कळत नाही आता काय बोलण्यासारखं आहे आणि काय नाही.

कोच : आमच्याकडेच का? शेजारची टीम आहे. चांगल्या गाड्या, भरपूर माणसं. ते उद्या घेतील त्याला.

डॉक्टर : आधीच हो म्हणालेत. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी पुढची रेस केली. सगळ्यांनीच केली म्हणा, नियमात होतं. तुम्ही ट्रक बंद करून निघून आलात. आम्ही हॉस्पिटलमध्ये पोहोचलो, तेव्हा वहिनी तिथे जमिनीवर बसल्या होत्या, त्याचे बूट मांडीत घेऊन. मला द्या म्हटलं, तर देत नव्हत्या. हिला ते आठवतं. मला बाकी काही आठवत नाही, पण हिला ते आठवतं. ती म्हणाली, जायचंच असेल त्याला तर तिथे जाऊ दे.

काकू : मी दिले ना नंतर बूट?

डॉक्टर : दिलेत.

कोच : चौकशीत कुणाची चूक निघाली नाही, डॉक्टर. मागच्याचं चाक याच्या चाकावर चढलं. वळण तसं, वेग तसा. निघाली असती तर बरं झालं असतं. माझी निघाली असती तरी चाललं असतं. काहीतरी दुरुस्त करता आलं असतं.

डॉक्टर : मी तुम्हाला दोष द्यायला आलेलो नाही.

काकू : झोप लागते का त्याला? धाकट्याला?

डॉक्टर : पहाटे दिवा दिसतो.

काकू : पोटात काही राहतं का? बोक्याला रेसच्या सकाळी काही पचायचं नाही. भात भरवायचे मी, नुसता भात, दोन चमचे. याला कुणीतरी विचारलं पाहिजे ते. शेजारच्या टीममध्ये कोण विचारणार? तिथे पोरं आपापले डबे घेऊन कोपऱ्यात बसतात. (हळूच) अहो. ऐकताय का?

कोच : ऐकतोय.

काकू : येऊ दे त्याला. मी सकाळपासून तुमच्याशी भांडतेय, माहीत आहे मला. पण तो जाणारच आहे कुठे ना कुठे. मग आपल्या डोळ्यांसमोर असू दे. पट्टे मी आवळीन त्याचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

कोच : नाही.

काकू : नाही? गाडी पुसून कुणी ठेवलीय मग?

कोच : पुसत होतो तोवर ती गाडी होती. आता मला तिच्यात पोरगा बसलेला दिसतोय.

डॉक्टर : कोच, मी हात जोडतो.

कोच : नका जोडू. ऐका माझं. टायर कुणीही बदलेल, पंख कुणीही लावेल. माझं खरं काम वेगळं आहे. पोरगं वळणापाशी बिचकतं, लवकर ब्रेक दाबतं. तेव्हा रेडिओवरून मी त्याला सांगतो, अजून उशिरा. जमेल तुला. अजून थोडं उशिरा. एवढंच माझं काम. सत्तावीस वर्षं हेच म्हणत आलो, तुमच्या मोठ्यालाही म्हटलं, आणि त्याला जमायचं. पण धाकट्याला तसं म्हणू शकणार नाही मी. मी त्याला म्हणेन, सावकाश. म्हणेन, जाऊ दे बाबा त्याला पुढे. बाकीचे सगळे जीव तोडून धावतायत आणि मधे एक बिचकलेली गाडी, तिच्याइतकं धोक्याचं ट्रॅकवर दुसरं काही नसतं. मीच मारीन त्याला.

काकू : अहो!

कोच : खरं तेच सांगतोय.

डॉक्टर : मग दुसऱ्या कुणाला म्हणाल, अजून उशिरा? दुसऱ्या कुणाच्या मुलाला?

कोच : नाही. कुणालाच तसं म्हणता यायचं नाही. बोलता बोलता कळलं मला.

काकू : म्हणजे संपलं.

कोच : संपलं.

डॉक्टर : मी हे करायला नव्हतो आलो. माझ्यामुळे तुमची टीम…

कोच : तुमच्यामुळे नाही. तुम्ही आला नसतात तर मी अजून दोन-चार महिने पुसत बसलो असतो.

डॉक्टर : शेजारचे म्हणतील त्याला? अजून उशिरा म्हणून?

कोच : म्हणतील. त्यांचा माणूस चांगला आहे. थंड डोक्याचा आहे.

डॉक्टर : बरं. मग बरं. हिला काय सांगू मी बाहेर जाऊन?

काकू : मी येते सांगायला.

डॉक्टर : नको वहिनी. तुम्हाला बघितलं की ती पुन्हा तिथे जाऊन बसेल, त्या हॉस्पिटलच्या फरशीवर. मी सांगतो काहीतरी. एक विचारू? त्या दिवशी सकाळी तो काय बोलत होता? मी दवाखान्यात होतो, मला फोन करायला जमलं नाही. हे विचारायचं राहूनच गेलं तुम्हाला.

काकू : काही खास नाही हो. मोजे ओले होते म्हणून कुरकुरत होता. मी ट्रकच्या हीटरपाशी धरून वाळवून दिले. तर म्हणतो कसा, काकू, आता गरम मोजे घालून हरलो तर तुमचं नाव सांगेन सगळ्यांना.

डॉक्टर : हसत होता?

काकू : दात काढून हसत होता.

डॉक्टर : पुढचा एक दात थोडा वाकडा होता त्याचा. मी कितीदा म्हटलं, सरळ करून देतो. म्हणायचा, राहू द्या बाबा. येतो मी. ती एकटी आहे.

काकू : सांभाळून जा. … गेले.

कोच : हं.

काकू : मी दारातून हात केला. तिने बघितलं. काच नाही उतरवली, पण बघितलं.

कोच : बस जरा.

काकू : बरोबर केलं का हो आपण?

कोच : माहीत नाही. हो म्हटलं असतं तरी तू हेच विचारलं असतंस.

काकू : आयोजकांना मी सांगते उद्या. तुम्हाला जमणार नाही फोनवर.

कोच : उद्या कशाला, आजच सांग. त्या जागेसाठी कुणीतरी थांबलं असेल.

काकू : सांगते. … शेजारच्या टीमची पहिली रेस कधी आहे?

कोच : सगळ्यांची एकाच दिवशी असते. पुढच्या महिन्यात, तळ्यापलीकडच्या ट्रॅकवर.

काकू : जाऊ या आपण?

कोच : कशाला?

काकू : तो गाडीत बसेल तेव्हा ओळखीचं कुणीतरी असावं तिथे. त्याची आई काही यायची नाही.

कोच : आपल्याला आता पिटमध्ये, गाड्यांपाशी, सोडणार नाहीत.

काकू : मग कुठून बघायचं?

कोच : लोक बघतात तिथून. तिकीट काढून.

काकू : कुठे मिळतं ते?

कोच : विचारावं लागेल कुणाला तरी.