टोपलीतली पांढरी पिल्लं

रामनगरला निघालेल्या नावेतल्या हिंदी गलक्यात समोरच्या जोडप्याचं मराठी कानावर पडलं, तशी वैदेही मोबाइल बघत असल्याचं सोंग घेऊन कान टवकारून बसली. त्यातल्या नवऱ्याच्या, म्हणजे शेंडी-उपरण्यातल्या गुरुजींच्या मांडीवर टोपली होती आणि टोपलीत दोन पांढरी पिल्लं चिवचिवत होती.

“कोंबडा काळा, कोंबडी काळी, बाकीची पिल्लं काळी. मग ही दोनच पांढरी कुठून आली? जोडी विकताना रमजानने फसवलं मला. परत करणार.”

“अहो, पिल्लं आपल्या गच्चीवर जन्मली. त्यात रमजानने काय केलं?”

“मग शेजारचा पांढरा कोंबडा येऊन गेला असणार.”

“तिसऱ्या मजल्यावर? उगाच गरीब कोंबडीवर आळ घेऊ नका. तुमचे डोळे काळे, माझे काळे आणि आपल्या निमिषचे घारे. त्याला कुठे परत केलंत?”

“निमिष माझ्या आईवर गेलाय!”

“मग हीसुद्धा आजीवर गेली असतील. विचारा की रमजानला.”

गुरुजींनी तिथल्या तिथे फोन लावला.

“हाँ रमजानभाई, वो मुर्गे की माताजी किस रंग की थीं?... सफेद? और मुर्गी की माताजी?... अच्छा. अच्छा.”

“काय म्हणाला?”

“दोघांची आई एकच.”

“अगंबाई! घाटभर लोकांच्या पत्रिका जुळवता, आणि आपल्याच गच्चीवर सख्ख्या बहीणभावाचं लग्न लावलंत?”

“हळू बोल. पिल्लं ऐकताहेत.”